श्रद्धेला गंज चढू नये म्हणून

देवावरचा विश्वास उडालेला नसतो. रविवारची उपासना चुकत नाही, जेवणाआधीची प्रार्थना ओठांवर आपोआप येते, नाताळला घरावर चांदणीही लागते. तरीही मनाला काहीतरी खुपत असते. जी प्रार्थना करताना एकेकाळी डोळे भरून येत, तीच आता पाढे म्हटल्यासारखी म्हटली जाते. वाईट काही घडलेले नसते. फक्त पुढे काहीच घडत नसते. अनेक ख्रिस्ती भाविक ही अवस्था मुकाट्याने सोसतात, कारण ती बोलून दाखवायची लाज वाटते. पण ही अडचण काही एकाच धर्माची नाही. रोज पोथी वाचणाऱ्या आजीबाईंनाही ती ठाऊक असते. नेम चालू असतो, मन मात्र नेमात नसते.

अशा वेळी आपली श्रद्धाच खोटी होती की काय, असे वाटू लागते. वास्तविक बहुतेकदा श्रद्धा नव्हे, तर तिला रोज खतपाणी घालणारी सवय सुकलेली असते. ज्यांची श्रद्धा आज आदर्श मानली जाते, त्यांनाही या कोरड्या वाटेने जावे लागले आणि त्यांनी त्यावर उपायही शोधले.

जबलपुरात आलेली बातमी

मुंबईकडून आणि कोलकात्याकडून येणारे लोहमार्ग १८७० साली जबलपूरला एकमेकांना जोडले गेले. तेव्हापासून दूरदूरचे प्रवासी या शहरातून जाऊ लागले. जानेवारी १८९० मध्ये असाच एक ८४ वर्षांचा वृद्ध पाहुणा जबलपुरात एका मिशनऱ्याच्या घरी उतरला होता. त्याचे नाव जॉर्ज म्युलर. जन्माने प्रशियाचा, पण आयुष्य घालवले इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात. कोणाही माणसापुढे हात न पसरता, केवळ देवाजवळ मागून त्यांनी तिथे अनाथाश्रम चालवला. त्यांच्या हयातीत सुमारे दहा हजार मुलांना तिथे आसरा मिळाला.

जबलपुरातच त्यांना बातमी कळली, की त्यांची एकुलती हयात लेक लिडिया ब्रिस्टलला वारली. जवळजवळ तीस वर्षे तिने आश्रमात पगार न घेता काम केले होते. वय ८४, घर हजारो मैलांवर आणि लेकीचे शेवटचे दर्शनही नाही. दुःख झालेच, पण देवाच्या चांगुलपणावरचा त्यांचा भरवसा ढळला नाही. पुढे १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी काम सोडले नाही.

हे बळ त्या एका दिवशी कुठून आले नव्हते. जवळजवळ पन्नास वर्षे आधी, १८४१ साली, त्यांनी आपल्या सकाळच्या नेमात एक साधा बदल केला होता. त्यापूर्वी किमान दहा वर्षे ते उठल्याबरोबर प्रार्थनेला बसत. पण मन भटके. पाव तास, अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ मन आवरण्यातच जाई. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी बायबलमधला थोडा भाग सावकाश वाचायचा, त्यावर विचार करायचा आणि त्या विचारातून जे मनात उठेल, कृतज्ञता, पश्चात्ताप किंवा मागणे, तीच प्रार्थना. बाहेर फिरताना वाचता यावा म्हणून मोठ्या टाइपातला नवा करार ते जवळ बाळगत. मोठी संकटे शांतपणे सोसण्याचे बळ या सवयीने मिळाले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

यातले मर्म सोपे आहे. रिकाम्या विहिरीत पोहरा टाकून पाणी येत नाही. रोज स्वतःच्याच काळज्या उगाळत राहिले, की प्रार्थनेलाही तोचतोचपणा येतो. आधी ऐकायचे आणि मग बोलायचे, एवढाच हा बदल.

आठ वर्षांनंतरची कबुली

म्युलर जबलपूरहून गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाई एका वेगळ्या पेचात होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केले होते. त्यांची विद्वत्ता आणि त्यांचे काम सारे जग जाणत होते. तरीही १८९१ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. पुढे ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे लिहिली.

त्यांना जागे केले ते विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाच्या आत्मकथनाने. हॅस्लम यांची कथाही मोठी विलक्षण. कॉर्नवॉलमध्ये पाळक असताना १८५१ साली एका रविवारी उपदेश करता करता त्यांचेच डोळे उघडले! इतरांना वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट आपल्याला अजून भिडलेलीच नाही, हे त्यांना व्यासपीठावर उमगले.

रमाबाईंसारख्या बाईला आठ वर्षांनी असे कबूल करता आले, तर सामान्य भाविकाने लाजण्याचे कारण काय? आपण अडलो आहोत, हे मान्य करणे हीच पहिली पायरी आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांत कितीतरी विलापाची, तक्रारीची, ‘देवा, तू कुठे आहेस?’ असे विचारणारी आहेत. मन कोरडे असताना खोटा आनंद दाखवण्यापेक्षा अशा एखाद्या स्तोत्राच्या आधाराने खरे बोलणे बरे.

एकटे नको, आणि आतल्या आतही नको

मनाला उभारी आली, की ती आत कोंडून ठेवायची नसते. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूरसह सारा मध्य प्रांत होरपळत होता. तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळाची भूक त्यांनी स्वतः लहान वयात आई-वडिलांबरोबर सोसली होती. तिथल्या निराधार मुली आणि विधवांना त्यांनी आपल्याकडे आणले. त्यांच्यासाठीच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. देवावर असा भरवसा आपल्या देशातही ठेवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. केडगाव हे त्या प्रश्नाचे उत्तर ठरले.

१९०५ च्या आरंभी याच मुक्ती सदनात सुमारे ७० जणी रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. काही महिन्यांत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. एकटीचा नेम सहज मोडतो, पण शेजारी कोणी वाट पाहत असेल तर पाय आपोआप वळतात. वारकरी दिंडीत चालतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

वाढ हळूही होते

सगळ्यांनाच एका दिवसात प्रकाश दिसत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या काळात पतीजवळ राहायला आल्यावरही त्या आपले अन्न-पाणी वेगळे ठेवत. विचार करत करत, एकेक बंधन तपासत त्या पुढे गेल्या आणि शेवटी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचे त्यांनी ठरवले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना हा प्रवास परिचित आहे. श्रद्धा वाढली की नाही, हे डोळ्यांतल्या पाण्यावरून ठरत नाही. काल ज्याला आपण दूर ठेवत होतो, त्याच्या हातचे पाणी आज चालते का, यावरून ते अधिक नेमके कळते.

घरी काय करता येईल?

सुरुवात लहानच असावी. सकाळी घर जागे होण्यापूर्वी पंधरा मिनिटे पुरेत. मार्कच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय घेतला तरी महिनाभरात ते वाचून होते. आधी वाचन, मग दोन मिनिटे शांतता, मग प्रार्थना.

एक साधी वही ठेवावी. म्युलर आपल्या विनंत्या आणि त्यांची उत्तरे तारखेनिशी लिहून ठेवत. वर्षभराने अशी वही चाळली, की आपण वाटले होते तितके जागच्या जागी नव्हतो, हे दिसते.

आठवड्यातून एकदा तरी पती-पत्नीने, मैत्रिणींनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून प्रार्थना करावी. आणि आठवड्याला एक काम असे करावे, ज्यात आपला काहीच फायदा नाही. आजाऱ्याला भेटावे, मोलकरणीच्या मुलाला शिकवावे किंवा ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी आपणहून बोलावे.

एखादा दिवस चुकला तर चुकू द्यावा. दुप्पट नेमाने भरपाई करू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे बसावे. दुसऱ्याच्या भक्तीशी आपली तुलना तर मुळीच करू नये. मात्र झोप उडाली, भूक मेली, कशातच रस वाटेनासा झाला आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर ती श्रद्धेची उणीव समजून स्वतःला दोष देत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सारे बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. आयुष्याची अखेरची सुमारे दीड तपे त्या हे काम करत होत्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते हातावेगळे झाले होते. एवढे प्रचंड काम उत्साहाच्या एका लाटेवर होत नसते. ते रोज थोडे थोडे, मन लागो न लागो, ठरल्या वेळी बसल्यानेच पुरे होते. श्रद्धेचेही तसेच आहे.