ब्रेक नसलेली सायकल आणि आमचे घर

आमच्या घरी सहलीचा विषय निघाला की तो फिरून फिरून दोनच ठिकाणी येऊन थांबतो. एक पालीचा बल्लाळेश्वर आणि दुसरा अलिबागचा समुद्र. पाली आजीसाठी, अलिबाग आम्हा मुलींसाठी. आईला कुठे जायचे आहे हे आजवर कुणी विचारलेले नाही आणि बाबांना कुठेच जायचे नसते. यंदा मी तिसरे नाव सुचवले. बालेवाडी.

"तिथे कुठला देव?" आजीने विचारले.

"देव नाही गं आजी, सायकलच्या शर्यती असतात. गोल ट्रॅकवर."

"गोल? म्हणजे निघाले तिथेच परत यायचे?"

"हो."

"मग निघायचे कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तत्त्वज्ञान विभागाकडे असल्यास त्यांनी जरूर कळवावे.

पण बालेवाडीचे नाव मी उगाच काढले नव्हते. माझी धाकटी बहीण नववीत आहे. ती नवीन पनवेलहून जुन्या गावातल्या शाळेत रोज सायकलने जाते आणि पुलाच्या चढावर रिक्षा मागे टाकल्याच्या गोष्टी संध्याकाळी तिखटमीठ लावून सांगते. गेल्या वर्षी तिने कुठेतरी ट्रॅक सायकलिंगची चित्रफीत पाहिली. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरे काही नाही. तिला ते शिकायचे आहे. एका रात्री जेवताना तिने ही गोष्ट काढली आणि सांगता सांगता एक चूक केली. त्या सायकलींना ब्रेक नसतात हेही सांगून टाकले. बाबांचा घास हातातच राहिला.

"ब्रेक नाहीत? मग विषय संपला."

विषय संपला, आणि तो घरातल्या कुणीही एकही शर्यत न पाहता संपला. माझा आक्षेप बाबांच्या 'नाही'ला नाही. ते न पाहता आले, याला आहे. मला आठवीत असताना शाळेच्या कबड्डी संघासाठी विचारले होते. तेव्हाही घरून असेच 'नाही' आले आणि मी मुकाट्याने मान डोलावली. तो निर्णय बरोबर होता की चूक हे मला आजही सांगता येत नाही, कारण आमच्या घरातल्या कुणी मुलींची कबड्डी कधी पाहिलीच नव्हती. म्हणून माझे म्हणणे असे की ज्या खेळाला घर नकार देणार आहे, तो खेळ सगळ्या घराने एकदा प्रेक्षकांच्या पायरीवर बसून डोळ्यांनी पाहावा. नंतर खुशाल नाही म्हणावे.

कुणी म्हणेल, त्यासाठी घाट चढून जायची काय गरज? मोबाईलवर सगळे दिसते. दिसते, पण एकेकट्याला. शिवाय हातातल्या पडद्यावर ट्रॅकची वळणे सपाट दिसतात. वेलोड्रोम म्हणजे दोन्ही टोकांना कडा उचललेली मोठी परातच. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला लाकडी ट्रॅक अडीचशे मीटरचा आहे. एवढ्या लांबीच्या ट्रॅकची वळणे चाळीस अंशांहून अधिक कललेली असतात. आपल्या घराच्या जिन्याहून ती उभी असतात म्हटले तरी चालेल. त्या उतारावर सायकलस्वार टिकतो तो केवळ वेगामुळे. वेग फार कमी झाला तर चाक खाली घसरते.

आता त्या ब्रेकबद्दल. मी बाबांना वहीत आकृती काढून दाखवली. या सायकलीला एकच गिअर असतो आणि मागचे चाक पॅडलशी पक्के जोडलेले असते. चाक फिरते आहे तोवर पाय फिरतातच. आपल्या सायकलीसारखे पाय थांबवून उतारावर सोडून देता येत नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच पॅडलला विरोध करायचा. ब्रेक काढले आहेत ते धाडस म्हणून नव्हे. वीस स्वार एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावत असताना एकाने करकचून ब्रेक दाबला तर मागचे एकोणीस त्याच्यावर आदळतील. कुणालाच एकदम थांबता येत नाही, म्हणून मागच्याला पुढच्याचा भरवसा धरता येतो. बाबांनी आकृती दोनदा पाहिली आणि म्हणाले, "कागदावर सगळेच बरोबर असते." ते अठ्ठावीस वर्षे कारखान्यात देखभाल विभागात आहेत. त्यांच्याशी यंत्रावरून वाद घालणे कठीण.

आणि बाबांची भीती खोटी नाही, हे मी लपवणार नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमच्या असल्या तरी ट्रॅकच्या शर्यती लंडनच्या ली व्हॅली वेलोड्रोममध्ये झाल्या. तिथे ३१ जुलैला इंग्लंडचा मॅट वॉल्स हा ऑलिंपिक विजेता सायकलीसकट कठड्यावरून थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. प्रेक्षकही जखमी झाले आणि ते सत्र तिथेच थांबवावे लागले. दुसऱ्याच दिवशी आपली मीनाक्षी शर्यतीत पडली आणि मागून येणारी सायकल तिच्या अंगावरून गेली. ही दोन्ही दृश्ये मी बाबांना स्वतः दाखवली. बहीण माझ्यावर दोन दिवस रुसली. पण घरच्यांना चांगले तेवढे दाखवून होकार मिळवायचा, हे त्यांनी काहीच न पाहता नकार देण्याइतकेच वाईट, असे मला वाटते. त्याच स्पर्धेत महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे धावल्या, हेही मग मी सांगितले. त्यांच्याही घरी कधीतरी जेवताना हा विषय निघालाच असेल.

या सहलीचा मला दुसराही एक फायदा दिसतो, आणि तो आमच्यासारख्या अनेक घरांना लागू आहे. आमच्याकडे क्रिकेटचा सामना लागला की बाबा आणि काका ही जाणकार मंडळी होतात. आम्ही प्रश्न विचारायचे नाहीत आणि आईने षटकांच्या मध्ये चहा आणायचा. ट्रॅक सायकलिंगमध्ये आमच्या घरी जाणकार कुणीच नाही. बहिणीला थोडे कळते, म्हणजे घरातली सर्वांत लहान व्यक्ती सर्वांत शहाणी. हा बदल पाहण्यासाठी तरी तिकीट काढायला हवे.

खेळ समजायलाही अवघड नाही. आजीला समजावताना मला हे कळले. 'एलिमिनेशन' म्हणजे संगीत खुर्चीच. ठरावीक फेऱ्यांनी घंटा होते आणि रेषेवर जो शेवटचा तो बाद. 'परस्यूट'मध्ये दोघे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात, म्हणजे आपली शिवाशिवी. 'मॅडिसन' हा तर खो-खोचा मावसभाऊ. जोडीतला एक शर्यतीत, दुसरा वरच्या बाजूने सावकाश फिरत असतो. वेळ आली की पहिला दुसऱ्याचा हात धरून त्याला पुढे झोकून देतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून हे नाव पडले. आमच्या गल्लीत शोध लागला असता तर 'खो'च म्हटले असते. 'केरिन' १९४८ मध्ये जपानात सुरू झाली, ती लोकांनी पैसे लावावेत म्हणून. हे मी आजीला सांगितले नाही.

आजीला सर्वांत आवडली ती 'स्प्रिंट'. दोघेच स्वार. सुरुवातीला दोघेही रेंगाळतात, कधी कधी सायकलवर बसल्या जागी स्तब्ध उभे राहतात. पुढे कुणालाच जायचे नसते, कारण पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाने ताकद राखतो. मग एकाएकी दोघे सुटतात. चांगले स्वार शेवटचे दोनशे मीटर दहा सेकंदांच्या आत कापतात, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरांहून अधिक. आपली एस.टी. घाटात या वेगाची स्वप्ने पाहते. आजी म्हणाली, "म्हणजे आधी तू, आधी तू करत बसायचे आणि मग धूम ठोकायची. आमच्या पंक्तीत असेच असते."

आता प्रत्यक्ष सहलीचे बघू. माझी पहिली नजर गोव्यावर होती. २०२३ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात होती. पनवेलहून कोकणातल्या गाडीत बसायचे, सकाळी गोव्यात. शर्यती बघायच्या, आजीला मंगेशीचे दर्शन घडवायचे. सगळा बेत मनात तयार झाला आणि मग कळले की गोव्याच्या स्पर्धेतल्या ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती गोव्यात नसून दिल्लीत आहेत. आदल्या वर्षी गुजरातच्या स्पर्धेतही तेच झाले होते. यजमानांच्या घरी ताट नाही, म्हणून पंगत शेजारच्या गावात! २०२५ मध्ये उत्तराखंडाने मात्र रुद्रपूरला वेलोड्रोम उभारून आपल्याच राज्यात शर्यती घेतल्या.

आपल्याकडे ताट आहे. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधले गेले आणि तिथे सायकलींसाठी वेलोड्रोम आहे. दिल्लीसारखा छताखालचा लाकडी नव्हे, तर उघड्या आभाळाखालचा सिमेंटचा. म्हणजे पावसाळा बाद. पनवेलहून अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर. द्रुतगती मार्ग संपला की बंगळूरच्या रस्त्याला लागायचे. पुणे शहरात शिरावेही लागत नाही. सातारा-कोल्हापूरकडे जाणारी गाडी धरून वाकडला उतरता येते. अडचण एकच. सुट्टीच्या दिवशी त्या बाजूच्या गाड्या मुंबईहूनच भरून येतात आणि आजीला घाटभर उभे ठेवता येत नाही. तेव्हा आसने आधी राखून ठेवायची, आणि त्यासाठी आधी तारीख कळायला हवी.

इथे घोडे अडले. शर्यतीची तारीख सामान्य माणसाला कळावी कशी? मी एका कार्यालयात फोन केला. तिकडून विचारणा झाली, "तुमचा खेळाडू कोणता?" मी म्हटले, "खेळाडू नाही, आम्हाला फक्त बघायला यायचे आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आले, "बघायला? या ना, पण कधी ते नंतर विचारा." त्या आवाजात उद्धटपणा नव्हता, नवल होते. पाच जणांचे कुटुंब डबा घेऊन शर्यत बघायला येते, ही कल्पनाच नवी होती. आपण नेहमी म्हणतो की क्रिकेटखेरीज इतर खेळांना सरकार विचारत नाही, वर्तमानपत्रे विचारत नाहीत. खरे आहे. पण आपण तरी कुठे विचारतो? २०१९ मध्ये जर्मनीत कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग यांच्या भारतीय संघाने सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक मिळवले. आपल्या वर्गात ही गोष्ट कितीजणांना ठाऊक आहे, याची मी चौकशी केली. माझ्यासकट एकालाही नव्हती; मलाही बहिणीने सांगितली. अलिबागकडे किनाऱ्यावर बैलगाड्यांची शर्यत असली की जाहिरात न करता गर्दी लोटते, कारण तिथे कोण धावणार ते लोकांना घरच्यासारखे ठाऊक असते.

बाबा सायकलीचे वैरी आहेत असे मात्र कुणी समजू नये. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या रस्त्याने पनवेलमधून जायची, तेव्हा लहानपणी ते सकाळपासून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहत. बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत, हे मला त्यांनीच सांगितले. मी विचारले, "मग कोण जिंकायचे?"

"कोणास ठाऊक. अर्ध्या मिनिटात रंगीत बनियनांचा घोळका सर्रकन निघून जायचा. मागून मोटारी, मग धूळ. कोण जिंकले ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात."

"बाबा, ट्रॅकवर तसे नाही. तेच स्वार पुन्हा पुन्हा तुमच्या समोरून जातात. सुरुवात दिसते, कोण मागे पडले ते दिसते, शेवटच्या फेरीची घंटा ऐकू येते. पूर्ण शर्यत एका जागेवरून दिसते."

बाबा काही बोलले नाहीत. पण रात्री मी अभ्यास करत असताना त्यांनी माझी ती आकृतीची वही मागून नेली. सकाळी परत मिळाली तेव्हा ट्रॅकच्या चित्रावर पेन्सिलीने एक फुली होती, सरळ बाजूच्या मध्यावर, वरच्या पायरीपाशी. "बसलोच तर इथे बसू," ते म्हणाले. "वळणावर नाही."

बहिणीने तेवढ्यात संधी साधून विचारले, "मग मी शिकू का?"

"आधी बघू," बाबा म्हणाले.

'बघू' या शब्दाचा अर्थ आमच्या घरात आजवर 'नाही' असाच होत आला आहे. या वेळी तो शब्दशः घ्यायचा असे मी ठरवले आहे. आईला मी विचारले, तुला यायचे आहे का? ती म्हणाली, चहा करावा लागणार नसेल तर येईन. आजीचे पाचव्या आसनाचे नक्की झाले आहे. पाच जणांना दशम्या किती लागतील, एवढेच ती सारखे विचारते आहे.