आवाज किती ते मोजता, कसा ते कुणी विचारणार का?

परवा आपल्याकडे शांतता समितीची बैठक झाली. दरवर्षीसारखीच. चहा, बिस्किटं, शाल-श्रीफळ आणि मग तोच विषय, आवाज. अधिकाऱ्यांनी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे वाचून दाखवले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा वाद्यं बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत. मंडळांचे अध्यक्ष माना डोलावत होते, अर्धे मोबाईलमध्ये होते. या बैठकीची बातमी मी इतकी वर्षं लिहितोय की मजकूर आता पाठ झालाय, नुसती तारीख बदलायची.

यावेळी मात्र एक गोष्ट डोक्यात राहिली. दोन तास आवाजावर चर्चा झाली आणि आवाज काढणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. ना पथकातली पोरं, ना हलगीवाले.

घरी आलो तर माझी थोरली सरावाला निघालेली. दुसरं वर्ष आहे तिचं पथकात, ताशा वाजवते. तिला सहज विचारलं, "काय गं, तुमच्या ताशाला पान कातड्याचं का फायबरचं?" ती हसायलाच लागली. "बाबा, कातड्याचा ताशा मी बघितलापण नाही!" मग खाली बसून तिने मला काड्या दाखवल्या. एकसारख्या दिसणाऱ्या चार जोड्या. पण तिच्या लेखी चारही वेगळ्या. एक फार ताठ, तासाभरात मनगट भरून येतं. एक लवचिक, पण तिच्यावर तर्री स्वच्छ निघत नाही. तिची आवडती जोडी मुठीजवळ चिकटपट्टी गुंडाळलेली, घासून गुळगुळीत झालेली. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ढोलवाल्यांचंही तसंच म्हणे. कुणाला टिपरू जाड लागतं, कुणाला हलकं, कुणी पॉलिश पेपरने घासून आपल्या हाताजोगं करून घेतो. स्टीलचा चकचकीत ढोल फोटोत झकास दिसतो, पण तीन तास कमरेला बांधल्यावर पोरं फायबरचाच मागतात. ढोलाचा रंग मात्र पोरांना विचारून ठरत नाही. तो ज्याने पैसे दिले त्याच्या पसंतीने ठरतो, आणि ढोलाच्या पोटावर नाव नि फोटोही त्याचाच.

मी कातड्याच्या बाजूचा माणूस. काही वर्षांपूर्वी 'फायबरने हलगीचा जीव घेतला' अशा थाटाचा एक हळवा लेख मी लिहिला होता. लोकांना आवडला. तो घेऊन मी वेशीजवळ राहणाऱ्या हलगीवाल्या मामांकडे गेलो. उभा जन्म हलगी वाजवण्यात गेलेला माणूस. त्यांनी वाचून घेतला आणि म्हणाले, "लई भारी लिवलंय. पर सायेब, भादव्यात हलगी शेकायला वाळकं सरपण तुमी आणून देणार व्हय?"

गप्प बसलो. कारण मुद्दा खरा होता. कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. आपले गणपती येतात ऐन पावसाळ्यात. मिरवणूक थांबत-थांबत चार-पाच तास चालते, वाजवणारा भिजत उभा, आणि हलगी दर थोड्या वेळाने विस्तवावर धरावी लागते. मंडळाचा कार्यकर्ता ओरडतो, "ओ, थांबलात काय, वाजवा की!" मामा म्हणाले, "कातड्याचं पान आपल्यासंगट बोलतंय. पर पावसात मुकं हुतंय. आन् मुक्या हलगीचं पैसं कोन देतंय?" त्यांनी स्वतःच एका हलगीला फायबर बसवून घेतलंय. शेळीच्या कातड्याची दुसरी आहे, ती उन्हाळ्यातल्या जत्रांना काढतात.

हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत १९५७ च्या सुमाराला ड्रमवर प्लास्टिकची पानं आली तीही याच कारणाने, ओल्या हवेत कातडं दगा देतं म्हणून. पण प्लास्टिकचा आवाज टोकदार असतो, कानात रेंगाळतो. कातड्याचा भरीव असतो आणि लवकर विरतो. फायबर कितीही आवळा, कितीही बडवा, सहसा फाटत नाही. मग पोरं आवळतात आणि बडवतात. शेजारचं मंडळ जोरात वाजवतंय म्हणून आणखी बडवतात. म्हणजे आकडा वाढतो तो पानाने, टिपरूने, संख्येने आणि चढाओढीने. आपण फक्त शेवटी मीटर धरतो.

संख्येचं म्हणाल तर २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्याच्या गणेशोत्सवात ढोल-ताशा-झांज वाजवणाऱ्यांवर ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंनी तेव्हा हिरीरीने बोललं गेलं. पण वाजवणाऱ्या पोरांच्या कानांबद्दल किती जण बोलले? ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही कानाची साधारण सुरक्षित मर्यादा मानतात. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १००ला जेमतेम १५ मिनिटं. माझी मुलगी सरावाहून आली की रात्री कानात शिट्टी वाजते म्हणते. मी बाप म्हणून आधी हे विचारलंच नव्हतं.

आणखी एक बोलतो, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. हलगी ज्यांच्या हातात पिढ्यान्पिढ्या होती त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. कातड्याला हात लावणारा म्हणून विटाळ मानला. त्यांच्यातल्या शिकलेल्या पोरांनी हलगी खाली ठेवली ती स्वाभिमानाने, आणि योग्यच केलं. आज फायबरच्या पानावर, पांढरा कुर्ता घालून वाजवलं की ती संस्कृती झाली. पथकातल्या पोरांवर माझा राग नाही, माझीच पोर त्यात आहे. पण बाहेरगावच्या पथकाला आधी पैसे पोचतात, आणि मामांना विसर्जनानंतर दिवाळीपर्यंत खेटे घालावे लागतात, हे मी डोळ्यांनी बघतोय.

म्हणून मंडळांना माझं सांगणं साधं आहे. हलगीवाल्यांना बोलवायचं असेल तर निम्मे पैसे आधी द्या. रस्त्यात दोन ठिकाणी ताडपत्री बांधा, खाली विस्तव आणि वाळकं सरपण ठेवा, कातड्याचा आवाज आपोआप परत येईल. पथकातल्या प्रत्येक पोराला कानातले बोळे द्या, औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. अर्धा तास वाजवलं की थोडा वेळ हात आणि कान दोन्ही मोकळे ठेवा. एका फ्लेक्सच्या पैशात हे बरंचसं बसतं.

आणि अधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या बैठकीत सत्काराच्या दोन शाली कमी करा आणि दोन खुर्च्या वाढवा. एक पथकातल्या पोरीसाठी, एक मामांसाठी. मामांना मी स्वतः गाडीवर घेऊन येतो.