पहिली चूक आणि उघडे दार

आजरा तालुक्यातील कितीतरी तरुण नोकरीसाठी आंबोली घाट उतरून गोव्याकडे किंवा पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांपैकी एखाद्याच्या खिशात गांजाची पुडी सापडली तर पुढे काय, हे पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन शिक्षेची सांगड प्रमाणाशी घालण्यात आली. एक किलोपर्यंत गांजा बाळगल्यास कमाल एक वर्ष कारावास, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोंहून अधिक असल्यास किमान दहा वर्षे. हा भेद न्याय्यच आहे. मात्र कलम ३३ नुसार, सेवनासारखे मोजके गुन्हे वगळता, अठरा वर्षांवरील दोषीस परिवीक्षेवर सोडता येत नाही. मग तो त्याचा पहिलाच गुन्हा का असेना! अल्प प्रमाणापुरती ही अट शिथिल व्हावी, असे आम्हांस वाटते.

व्यसनाधीनांसाठी मात्र दार उघडे आहे. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने उपचार पूर्ण करणाऱ्यास कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ अन्वये न्यायालय त्यास उपचारासाठी पाठवू शकते. दुर्दैवाने, लोकलज्जेस्तव कुटुंबेच व्यसन लपवितात आणि ते दार स्वहस्ते बंद करतात.

प्रभू येशूने पापी स्त्रीचे पाप झाकले नाही, पण तिला दगडांच्या स्वाधीनही केले नाही. आपल्या धर्मग्रामात अशा घरावर बोट दाखवायचे, की त्यांच्यासोबत उपचारकेंद्रापर्यंत चालायचे, हे आपणच ठरवायचे आहे.

– संपादक