तेहरानचा वारस कोण?

२०२५ च्या जूनमधले बारा दिवसांचे युद्ध थांबले, पण आपल्या तरुण वाचकांमधला वाद थांबलेला नाही. वादाच्या मध्यभागी एक नाव आहे, रझा पहलवी. इराणच्या शेवटच्या शहाचे हे थोरले चिरंजीव. काहींना ते इराणच्या स्वातंत्र्याचा चेहरा वाटतात, त्यांच्या भाषणांचे व्हिडिओ पुढे पाठवले जातात. काहींच्या मते ते इस्रायल-अमेरिकेचे प्यादे आहेत आणि विषय तिथेच संपतो. तिसराही एक गट आहे, तो जरा गप्प असतो. त्याला इराणची राजवट पटत नाही, पण गाझावर बॉम्ब पडत असताना इस्रायलशी भांडणाऱ्या देशाविरुद्ध तोंड उघडणे म्हणजे फितुरी, असे त्याला आतून वाटते. हे संपादकीय मी मुख्यतः या तिसऱ्या गटासाठी लिहितो आहे.

आधी माणूस समजून घेऊ. रझा पहलवी १९६० मध्ये तेहरानमध्ये जन्मले. १९७८ मध्ये लढाऊ विमान चालवण्याचे प्रशिक्षण घ्यायला ते अमेरिकेत गेले, ते परतलेच नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये वडिलांना देश सोडावा लागला. जुलै १९८० मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, विसाव्या वाढदिवशी, मुलाने स्वतःला शहा घोषित केले. ती घोषणा कागदावरच राहिली. पुढे त्यांनी भाषा बदलली. आज ते धर्मनिरपेक्ष लोकशाही मागतात, राजेशाही हवी की प्रजासत्ताक हे इराणी जनतेने सार्वमताने ठरवावे म्हणतात आणि आपल्याला कोणतेही पद नको असेही सांगतात. या भूमिकेत नाव ठेवायला जागा नाही.

त्यांना पाठिंबा आहे, हेही मान्य करायला हवे. २०१७ च्या डिसेंबरात महागाईविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मशहद आणि कोम या शहरांत त्यांच्या आजोबांच्या, रझा शहांच्या, नावाने दुवा मागणाऱ्या घोषणा ऐकू आल्या. कोम म्हणजे धर्मपीठाचे शहर, हे लक्षात घ्या. घोषणा देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी शहाचा काळ पाहिलेलाही नव्हता. नोकरी नाही, चलन घसरते आहे, रस्त्यावर स्त्रियांचे केस तपासणारे पोलीस उभे आहेत. अशा माणसाला जुन्या रंगीत छायाचित्रांतले तेहरान स्वर्ग वाटले तर त्याला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पण त्या छायाचित्रांच्या चौकटीबाहेर काय होते? मोहम्मद मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी घडवलेल्या उठावात त्यांचे सरकार पडले आणि देश सोडून गेलेला शहा परत आला. १९५७ मध्ये साव्हाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. १९७५ मध्ये उरलेसुरले पक्ष मोडून रस्ताखीज हा एकच पक्ष ठेवण्यात आला. हा इतिहास मुलाचा गुन्हा नाही. बापाच्या चुकांचा हिशेब लेकराकडून मागू नये, हे बरोबरच आहे. मात्र ज्याला त्या नावामुळेच लोक ओळखतात, त्याने त्या नावाचा हिशेब टाळूनही चालत नाही. साव्हाकचे एकेकाळचे बडे अधिकारी परवीझ साबेती फेब्रुवारी २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोर्चात उजळ माथ्याने फिरताना दिसले, तेव्हा शहाच्या तुरुंगातून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटले असेल!

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या घरातली वाटेल. १९६७ मध्ये इराणमध्ये कुटुंब संरक्षण कायदा झाला. पुरुषाचा एकतर्फी तलाक बंद झाला, घटस्फोटासाठी कोर्टात जाणे आले, दुसरे लग्न करायचे तर कोर्टाची परवानगी लागू लागली. एका मुस्लिमबहुल देशात, १९६७ मध्ये! त्याच्या आदल्याच वर्षी, १८ एप्रिल १९६६ रोजी, हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया याच मागण्या घेऊन मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या होत्या. इथे सात बाया रस्त्यावर होत्या आणि कायदा नव्हता. तिथे कायदा होता, पण त्यावर मोकळेपणाने बोलायला वर्तमानपत्र नव्हते, त्याच्या बाजूने किंवा विरोधात उभा राहील असा स्वतंत्र पक्ष नव्हता. वरून आलेली सुधारणा शहाच्या सहीवर टिकून होती. शहा गेला आणि फेब्रुवारी १९७९ च्या अखेरीस खोमेनींच्या कार्यालयाने तो कायदा स्थगित केला. क्रांतीला महिनाही झाला नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कामावर येणाऱ्या स्त्रियांनी हिजाब घालावा असे फर्मान निघाले आणि ८ मार्चला तेहरानच्या हजारो स्त्रिया त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांतल्या कित्येकींनी काही आठवड्यांपूर्वी शहाविरुद्धही मोर्चे काढले होते.

याच स्त्रियांच्या आयांच्या डोक्यावरचा पदर १९३६ मध्ये रझा शहाच्या पोलिसांनी ओढून काढला होता. डोके तेच, हुकूम उलटा. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका महाविद्यालयाने हिजाबवर बंदी घातली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा आपण म्हणालो की काय घालायचे ते मुलगी ठरवेल. सप्टेंबर २०२२ मध्ये संस्कृती-पोलिसांच्या कोठडीनंतर मरण पावलेल्या बावीस वर्षांच्या महसा जीना अमिनीसाठी सक्केझमध्ये डोक्यावरचे रुमाल हवेत फिरवणाऱ्या कुर्द मुलीही तेच म्हणत होत्या.

त्या आंदोलनाला नेता नव्हता. 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा कुर्दी चळवळीतून आली आणि फारसीत देशभर पसरली. झाहेदानमध्ये, बलुची सुन्नी मुसलमानांच्या शहरात, ३० सप्टेंबर २०२२ च्या जुम्म्याला सुरक्षा दलांनी गोळ्या घालून डझनावारी माणसे मारली. तिथल्या मक्की मशिदीचे इमाम मौलवी अब्दुल हमीद त्यानंतर कित्येक महिने दर जुम्म्याच्या खुतब्यात राजवटीला जाब विचारत राहिले. इराणविरुद्ध बोलणारा तो इस्लामविरोधीच, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्यांनी झाहेदानच्या नमाजींकडे एकदा पाहावे. आणि त्या दिवसांत रस्त्यांवर दिली जाणारी एक घोषणा अशी होती की जुलमी मुर्दाबाद, मग तो शहा असो वा रहबर.

रझा पहलवींची खरी परीक्षा याच वेळी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात पत्रकार मसीह अलीनेजाद, अभिनेत्री नाझनीन बोनियादी आणि हामेद इस्माइलियन यांच्यासोबत एका मंचावर बसले. शिरीन इबादी आणि कुर्द नेते अब्दुल्ला मोहतदी दुरून सामील झाले. इस्माइलियन मुळात दंतवैद्य आणि लेखक. जानेवारी २०२० मध्ये इराणी क्षेपणास्त्रांनी पाडलेल्या युक्रेनच्या विमानात १७६ माणसे गेली, त्यांत त्यांची पत्नी आणि मुलगी होती. वारसा नाही, पक्ष नाही, तरी त्यांच्या हाकेवर ऑक्टोबर २०२२ मध्ये बर्लिनला हजारोंचा सागर जमला होता. या सगळ्यांनी मार्चमध्ये महसाच्या नावाने एक सनद काढली. एप्रिल संपायच्या आत आघाडी फुटली. निर्णय कसे घ्यायचे, कोणाला आत घ्यायचे, कुर्दांना किती अधिकार, यावर एकमत झाले नाही. दोष एकट्या शहाजाद्याचा नव्हता. पण ज्याचे नाव सर्वांत मोठे, त्याने इतरांच्या बरोबरीने चटईवर बसायला शिकावे लागते, आणि ते जमले नाही असे मला वाटते.

त्याच एप्रिलमध्ये ते इस्रायलला गेले, नेतन्याहूंना भेटले. आणि २०२५ च्या जूनमध्ये जे झाले ते तर अजून ताजे आहे. २३ जूनला इस्रायलने तेहरानच्या एवीन तुरुंगावर बॉम्ब टाकले. या तुरुंगाची कहाणी म्हणजे इराणचीच कहाणी. तो शहाच्या काळात, १९७२ मध्ये, उघडला. साव्हाकने तिथे आपले विरोधक कोंडले. मग इस्लामी प्रजासत्ताकाने त्याच कोठड्या भरल्या, १९८८ मध्ये तिथल्या राजकीय कैद्यांना फासावर दिले. आणि आता त्याच्या भिंतींवर बाहेरून बॉम्ब. इराणी न्यायव्यवस्थेने ७१ मृत्यू जाहीर केले, त्यांत कर्मचारी होते, कैदी होते आणि कैद्यांना भेटायला आलेले नातेवाईकही. त्याच दिवशी रझा पहलवी पॅरिसमध्ये पत्रकारांसमोर होते. राजवट कोसळण्याची घडी आली आहे, हे युद्ध खामेनेईंचे आहे, इराणी जनतेचे नाही, अशी त्यांची मांडणी होती. खामेनेईंच्या अंगावर या युद्धाची जबाबदारी आहेच. पण ज्या लोकांचे आपण प्रतिनिधी म्हणवतो त्यांच्यावर बॉम्ब टाकणाऱ्याचा स्पष्ट निषेध त्यांना करता आला नाही. १९५३ मध्ये वडील परकीयांच्या मदतीने गादीवर परतले, हे ज्या देशात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तिथे मुलाचे हे मौन सहज विसरले जाणार नाही.

वेगळे बोलता आले असते. एक आठवडा आधी नर्गिस मोहम्मदी आणि शिरीन इबादी या दोन नोबेलविजेत्यांनी, चित्रपट दिग्दर्शक जफर पनाही आणि मोहम्मद रसूलोफ यांनी, इस्लामी फिकहच्या विदुषी सिद्दिका वस्मकी यांनी आणि आणखी दोघांनी एक निवेदन काढले. त्यात युरेनियमचे संवर्धन थांबवा असे होते, दोन्ही बाजूंचे हल्ले थांबवा असे होते, आणि राजवटीच्या प्रमुखांनी पायउतार व्हावे असेही होते. यांतले बहुतेक जण एवीन आतून पाहिलेले आहेत. तिसऱ्या गटातल्या वाचकांनो, फितुरीची भीती वाटते तेव्हा हे निवेदन आठवा. तेहरानमध्ये बॉम्बच्या आवाजात ज्यांना हे एका दमात म्हणता आले, ते डोंगरीत किंवा मालेगावात बसून आपल्याला का म्हणता येऊ नये?

परागंदा राजाला लोकशाहीत जागाच नसते, असे मी म्हणत नाही. अफगाणिस्तानचे झाहीर शाह २९ वर्षे परदेशात काढून २००२ मध्ये काबुलला परतले, लोया जिरगाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले, आणि गादी त्यांनी मागितली नाही. बल्गेरियाचे सिमियन नऊ वर्षांचे असताना देशाबाहेर गेले आणि २००१ मध्ये पक्ष काढून, निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले. पुढच्या निवडणुकीत हरले आणि पायउतारही झाले. आपल्याकडे कोल्हापूर-साताऱ्याच्या गादीचे वारस लोकसभेसाठी मते मागत दारोदार फिरतात, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. रझा पहलवींनाही हा रस्ता मोकळा आहे.

फक्त त्यांनी आज काही गोष्टी लेखी सांगाव्यात. संक्रमणाच्या काळात निर्णय कोण घेणार, आणि त्याला हटवायचे असेल तर कसे? घटना समितीत कुर्द आणि बलुच कोणाच्या मेहेरबानीने बसणार की आपल्या मतांवर? साव्हाकच्या कागदपत्रांचे काय? हा संशयी स्वभाव नाही, अनुभव आहे. १९७८ मध्ये पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो गावात सफरचंदाच्या झाडाखाली बसलेल्या एका वृद्ध मौलवींना हे प्रश्न विचारायचे राहून गेले. तेव्हा डावे, उदारमतवादी, बाजारातले व्यापारी, सगळेच म्हणाले की आधी शहा जाऊ दे, बाकीचे नंतर पाहू. मार्च १९७९ च्या सार्वमतात मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता, इस्लामी प्रजासत्ताक, होय की नाही. ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी होय म्हटले.

मीर हुसेन मुसवी २०२५ मध्ये ८३ वर्षांचे होते. ऐंशीच्या दशकात ते याच राजवटीचे पंतप्रधान होते, १९८८ च्या फाशांचा डाग त्यांच्या काळावरही आहे. २०११ पासून ते आणि त्यांच्या पत्नी झहरा रहनवर्द तेहरानमध्ये नजरकैदेत आहेत. तिथून फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी मागणी केली की नव्या घटनेसाठी सार्वमत घ्या. मेरीलँडमधला शहाजादा आणि तेहरानमधला हा कैदी, दोघांच्या मागणीतले शब्द जवळपास सारखेच आहेत. त्या मतपत्रिकेवर या वेळी किती पर्याय असतील आणि ती छापणार कोण, हे मात्र अजून कोणीच सांगितलेले नाही.