अधू दृष्टि आणि पोहणें

पोहतां येणें ही आमच्या खेड्यापाड्यांत कधीं कौतुकाची गोष्ट नव्हती. तें न येणें हीच लाजेची गोष्ट होती. पाठीस वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून वडीलधाऱ्यांनीं विहिरींत ढकलावें, आणि पोरानें चार घोट पाणी पिऊन हातपाय मारूं लागावें, अशी ती जुनी शाळा. आम्हीहि त्याच शाळेंत शिकलों. वारूळवाडीच्या मळ्यांतील एक विहीर आणि पावसाळा सरल्यावर निवळलेलें मीना नदीचें पात्र, हे आमचे दोन वर्ग. परंतु इतर मुलांपेक्षां आमची एक अडचण अधिक होती. चष्मा काढून ठेविला कीं विहिरीची पायरी, कांठावरचा दगड आणि हांक मारणारा मित्र, सारें एकाच धुक्यांत विरून जाई. उणे सहा नंबराच्या डोळ्यांस वीतभर अंतरापलीकडे कांहींच रेखीव दिसत नाहीं.

एके दिवशीं कांठ समजून ज्या काळ्या रेषेकडे आम्ही पोहत गेलों, ती भिंतीची सावली निघाली. दमलेल्या हातांस धरावयास कांहींच नव्हतें. वरून कोणाच्या तरी ध्यानांत आलें, दोर खालीं आला, आणि आम्ही वांचलों. घरीं ही गोष्ट समजतांच एका वाक्यांत निकाल लागला : “डोळे धड नाहींत, आजपासून पाणी बंद.” पुढें आठ वर्षें आम्ही पाण्यास शिवलों नाहीं.

त्या निकालाविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. वडिलांची काळजी खरी होती. निकाल मात्र चुकीचा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विसाव्या वर्षीं आम्हीं लेसरची शस्त्रक्रिया करून घेतली. या विद्येच्या मुळाशीं एक भारतीय नांव आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. मद्रासकडे जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनीं १९८१ सालीं अमेरिकेंत आपल्या सहकाऱ्यांसह असें पाहिलें कीं, एक्सायमर लेसरचा किरण सजीव शरीराचा अत्यंत पातळ थर आसपास न पोळवितां उडवूं शकतो. त्याच गुणावर पुढें डोळ्यावरील पारदर्शक पडद्यास, म्हणजे पारपटलास, नवा आकार देण्याची शस्त्रक्रिया उभी राहिली.

शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे डोळ्यांस पाणी लागूं द्यावयाचें नव्हतें. वैद्यांची परवानगी मिळाल्यावर आम्ही गॉगल लावून तलावांत उतरलों. समोरचा कांठ, त्यावरील आंकडे, पलीकडील माणसाचा चेहरा, सर्व कांहीं लख्ख दिसत होतें! त्या आनंदाचें वर्णन करणें कठीण आहे. परंतु दोन गोष्टी आम्हांस तेथेंच उमगल्या. पहिली ही कीं, खोल पाणी येतांच हात आखडले. डोळे नवे झाले होते, पण आठ वर्षांची भीति जुनीच होती, आणि तिच्यावर कोणताहि लेसर चालत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक मौजेची. गॉगल काढून पाण्याखालीं डोळे उघडले, तों पुन्हा धुकेंच धुकें!

याचें कारण पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांस सहज कळेल. मानवी डोळ्याची एकूण शक्ति सुमारें ६० डायॉप्टर धरली, तर तींतील ४० हून अधिक एकट्या पारपटलाची असते. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि पारपटलाचा १.३८ च्या आसपास. डोळ्यापुढील हवा जाऊन पाणी आलें कीं किरण तेथें फारसा वांकतच नाहीं, आणि पारपटलाची बहुतेक शक्ति लयास जाते. म्हणजे पाण्याखालीं उघड्या डोळ्यांनीं आपण सारेच अधू! गॉगल डोळ्यापुढें हवेचा थर राखतो, एवढेंच त्याचें कार्य. अभ्यासानें यांतहि कांहीं साधतें. अंदमान समुद्रांतील मोकेन जमातीचीं मुलें बाहुली आकुंचित करून पाण्याखालीं युरोपीय मुलांच्या दुपटीनें स्पष्ट पाहतात, असें स्वीडनच्या आना गिस्लेन यांनीं २००३ सालीं दाखविलें. आणि पुढें सरावानें युरोपीय मुलांसहि तें साधलें.

कोणी म्हणेल, “तरी धोका कशास पत्करावा?” आमचें उत्तर असें कीं, धोका पत्करण्याचा प्रश्नच उरत नाहीं, तो दाराशीं आहे. जुन्नर तालुक्यांत विहिरी आहेत, कालवे आहेत, आणि आतां मळ्यामळ्यांतून प्लास्टिकचा कागद अंथरलेलीं शेततळीं आहेत. ओल्या, निसरड्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यासहि वर येणें कठीण. ज्यास धड दिसत नाहीं आणि पोहतांहि येत नाहीं, तें मूल अशा ठिकाणीं दुप्पट असुरक्षित होय. तेव्हां अधू दृष्टीच्या मुलास पोहणें आधीं शिकविलें पाहिजे, नंतर नव्हे.

आणि पोहण्यास डोळे लागतातच असें थोडेंच आहे? विदर्भकन्या कांचनमाला पांडे यांनीं २०१७ सालीं मेक्सिको येथील जागतिक दिव्यांग जलतरण स्पर्धेंत २०० मीटर मिश्र प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांच्या गटांत सर्वांच्या डोळ्यांवर काळे गॉगल असतात, आणि भिंत जवळ येतांच मार्गदर्शक काठीच्या मऊ टोंकानें स्पर्श करून सूचना देतो. ज्यांस मुळींच दिसत नाहीं, त्यांस एवढें साधतें. मग उणे सहा नंबराची काय कथा!

शस्त्रक्रियेची वाट पाहणेंहि योग्य नव्हे. ती साधारणतः अठराव्या वर्षानंतर, नंबर स्थिर झाल्यावरच करितात, आणि ज्यांचें पारपटल पातळ त्यांस ती मानवत नाहीं. मुलीचा चष्मा लग्नापर्यंत लपवून ठेवणारे पालक तर तिचें दुहेरी नुकसान करितात. आपल्या शेजारीं नारायणगांवीं डॉ. मनोहर डोळे यांनीं मोहन ठुसे नेत्ररुग्णालय उभें केलें. खेड्यांतील गोरगरिबांच्या नेत्रसेवेबद्दल त्यांस पद्मश्री मिळाली. आडनांव सार्थ करणाऱ्या या पुरुषाच्या परिसरांत मुलांचे डोळे न तपासतां राहावेत, हें आम्हांस शोभत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, फळ्यावरील अक्षर पुसट दिसत असेल तर तें आजच घरीं सांगा. पोहण्यासाठीं नंबराचे गॉगल मिळतात, ते वापरा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यांत उतरूं नका, त्यानें डोळ्यास जंतुबाधा होते. उतरण्याच्या जागीं भडक रंगाचें फडकें बांधा, आणि एकटे कधींहि जाऊं नका.

पालकांस विनंति एवढीच कीं, “पाणी बंद” असें म्हणण्यापूर्वीं मुलास एक प्रश्न विचारावा : “कांठावर कोण उभें राहणार आहे?” आणि त्याचें उत्तर मिळेना, तर स्वतः जाऊन उभें राहावें.