नाट्यगृह उभं राहील. तुम्ही येणार ना?

कोल्हापूरकरांनो, ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. छप्पर कोसळलं, रंगमंच जळाला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी आपले रंगकर्मी काळ्या पडलेल्या भिंतींसमोर उभे राहून रडत होते. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे होतात. तुमचेही डोळे भरून आले होते.

भिंती पैशाने उभ्या राहतात. ते काम महापालिकेचं आणि सरकारचं. ते त्यांच्याकडून आपण करून घेऊच. पण नाटकाला घराबाहेर पडायची सवय एकदा मोडली की ती कुठल्याही निधीतून परत येत नाही. नाट्यगृह बंद पडलं की आधी हौशी संस्था विस्कटतात. तालमीला जागा नाही, प्रयोगाला तारीख नाही. प्रकाशयोजना शिकलेला पोरगा लग्नाच्या मांडवात दिवे लावायला जातो. रंगभूषेची पेटी माळ्यावर चढते. नेपथ्याचे खिळे ठोकणारा, पडदा ओढणारा, मध्यंतरात चहा देणारा, या सगळ्यांच्या घरची चूल प्रयोगावर पेटते. आणि प्रयोग सुटल्यावर नाटकावरून तावातावानं भांडत मिरजकर तिकटीपर्यंत चालत जाणारी माणसं दिसेनाशी होतात. उरतात बंद शटरं आणि रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या. गावाचा मध्य असा ओस पडू देऊ नका.

तुमच्या हातात खूप आहे. पेठेत तुमचं तालीम मंडळ आहे. मंडळाचा हॉल आहे. गणपती आणि शिवजयंती सोडली तर बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी तो रिकामाच असतो. तो उघडा. सहा ते नऊ एखाद्या नाट्यसंस्थेला तालमीला द्या. बदल्यात त्यांच्याकडून पेठेतल्या पोरांसाठी महिन्यातून एक रविवार मागून घ्या. शाहिरी असो, चित्रकला असो, पोरांना जे आवडेल ते शिकवू दे. एक सतरंजी, दोन पंखे आणि किल्ली वेळेवर मिळाली की काम सुरू होतं.

शाहू महाराजांनी हे नाट्यगृह गावाच्या मधोमध का बांधलं, याचा विचार करा. १९०२ मध्ये त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं हे नाट्यगृह आलं, १९१५ मध्ये. कुस्ती बघणारा आणि नाटक बघणारा शेजारीशेजारी बसावा, पेठेतल्या माणसाला चालत येता यावं, अशी ही जागा आहे. १९५७ मध्ये या थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. याच गावात जन्मलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली, १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. राजाने नाट्यगृह दिलं, कलावंताने आयुष्य दिलं. आपल्याकडे मागणं आहे ते एका संध्याकाळचं.

धोका अजून एक आहे, आणि तो जिवावरचा आहे. नवं नाट्यगृह देखणं होईल, पण पुन्हा पेटलं तर? आत तुमची लेकरं बसलेली असतील तर? म्हणून कुठल्याही प्रेक्षागृहात शिरताना बाहेर पडायच्या वाटा बघून ठेवा. दाराला कुलूप दिसलं, वाटेत खुर्च्या रचलेल्या दिसल्या, तर तिथल्या तिथे व्यवस्थापकाला सांगा. भिडस्तपणा करू नका. अग्निसुरक्षेची तपासणी कधी झाली, हे महापालिकेला विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

आणखी एक गोष्ट महापालिकेकडे मागा: हौशी संस्थेला परवडेल असं भाडं. भाडं वाढलं की फक्त मोठी नावं येतात आणि गावातली पोरं दाराबाहेर राहतात. तुमच्या नगरसेवकाला भेटा, चार जण मिळून भेटा, लेखी द्या.

व्यापारी बंधूंनो, हे तुमच्यासाठीही आहे. अंबाबाईचं दर्शन झालं की परगावचे भाविक गाडी काढतात आणि निघून जातात. भवानी मंडपात संध्याकाळी पोवाडा असेल, जवळच्या हॉलमध्ये गाणं असेल, तर ते कुटुंब रात्रीचं जेवण इथेच करेल, सकाळी बाजारात फिरेल. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावाच्या दरबारात गायले, त्या गावाकडे ऐकवायला काही नाही असं कोण म्हणेल? दुकानात कार्यक्रमाचा फलक लावा. जमलं तर पेठेच्या एका प्रयोगाचा खर्च उचला.

बांधकाम पुरं होण्याची वाट बघत बसू नका. वाट बघण्यातच माणसं पांगतात. येत्या रविवारी शाहू स्मारक भवनात काय आहे, देवल क्लबात कोण गातंय, हे विचारा. तिकीट काढून या, फुकटचा पास मागू नका. घरातल्या धाकट्याला पुढच्या रांगेत बसवा. प्रयोग सुटला की आत येऊन आम्हा रंगकर्मींना भेटा, आणि आवडला नसेल तर तसंही तोंडावर सांगा. आम्ही ऐकून घेऊ आणि पुढचा प्रयोग अधिक चांगला करू.