भिंतीवरची गोधडी

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका कलादालनात मी एका गोधडीसमोर बराच वेळ उभा होतो. जुन्या लुगड्यांचे तुकडे, त्यांत कुठे इरकली काठ, कुठे खणाचा चौकोन. धावदोऱ्याच्या ओळी कडेपासून सुरू होऊन चौकोनाचौकोनाने आत सरकत गेल्या होत्या आणि अगदी मध्यावर येऊन मिटल्या होत्या. शेजारच्या पाटीवर एका तरुण चित्रकाराचे नाव, त्याचे शिक्षण, साल आणि माप होते. माध्यमापुढे लिहिले होते : ‘वापरलेले कापड, सुती धागा, हाताची शिवण.’

हाताची म्हणजे कुणाच्या हाताची? दालनातल्या मुलीला विचारले. ती अदबीने म्हणाली, “सर, शिवण गावातल्या बायकांकडून करून घेतलीय. कन्सेप्ट आर्टिस्टची आहे.”

तिचे काही चुकले नव्हते. चित्रकाराचेही काही चुकले असे मी म्हणणार नाही. ती गोधडी भिंतीवर लावण्याजोगी आहे हे त्याला दिसले, हेच मोठे काम आहे. आणि दुसऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाहीच. आमच्या वाड्यात दिवाळीनंतर गोधड्या शिवणाऱ्या एक मावशी येत. ओसरीवर सतरंजी टाकून बसत, आईने काढून दिलेल्या जुन्या धोतर-लुगड्यांच्या ढिगाकडे थोडा वेळ नुसत्या पाहत राहत आणि मग कात्री उचलत. मजुरी किती ‘हात’ गोधडी यावर ठरे, आणि आई त्यावरही घासाघीस करी. आठ-दहा वर्षे त्या आल्या. त्यांचे नाव आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते, आजही नाही.

हा प्रश्न आता विचारावासा वाटतो, कारण धागा, दोर, लोकर, कापड या वस्तूंना कलेच्या दरबारात एकदम मान मिळू लागला आहे. इंग्रजीत हिला ‘फायबर आर्ट’ म्हणतात. मान सहजासहजी मिळालेला नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९६२ साली भित्तिपटांचे द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले. पहिल्याच वर्षी तिथे पोलंडची माग्दालेना अबाकानोविच पोचली. पुढे तिने जहाजांचे जुने दोर उसवून, रंगवून, विणून छतापासून लोंबणारे प्रचंड आकार केले. भिंत सोडून कापड खोलीच्या मध्यावर उभे राहिले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अशा कामांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा शिल्पकार लुईज बुर्ज्वा हिने लिहिले की ही कामे सजावटीच्या पलीकडे क्वचितच जातात. गंमत अशी की बुर्ज्वाच्या आईवडिलांचा धंदाच जुने भित्तिपट दुरुस्त करण्याचा, आणि उतारवयात तिने स्वतः जुन्या कपड्यांचीच शिल्पे शिवली!

आपल्याकडे गोष्ट निराळ्या वाटेने गेली. स्वातंत्र्यानंतर हातमाग जगवण्यासाठी सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली आणि त्यांत चित्रकारांना नेमले. हेतू चांगला होता. के. जी. सुब्रमण्यन यांनी मुंबईत हातमाग मंडळासाठी काम केले. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे आपले प्रभाकर बरवे १९६१ पासून वीसेक वर्षे याच केंद्रांत, आधी वाराणसीला आणि मग मुंबईला, नोकरी करत होते. चित्रकाराने कागदावर नक्षी काढायची, विणकराने ती मागावर उतरवायची, अशी ही रचना. चित्रकारांना पगार आणि विणकरांना नवे नमुने मिळाले. पण ‘विचार एकाचा, हात दुसऱ्याचा’ ही वाटणी कार्यालयीन शिस्तीत पक्की झाली ती झालीच.

तिला खरे उत्तर दिले ते मागावर आणि गाठीवर स्वतः बसलेल्या दोघींनी. मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे विणकामाचे धडे घेतले आणि परत येऊन हातमाग लावला. मागावर फणी असते; ती उभे धागे आपापल्या अंतरावर ताठ ठेवते. कोरियाबाई विणता विणता फणीच काढून टाकत. शिस्त सुटलेले उभे धागे मग नदीसारखे वळत, एकमेकांकडे झुकत. कुठे फणी काढायची आणि कुठे थांबायचे, हे कागदावर ठरत नाही, हाताखालचा ताण सांगतो. दुसऱ्या मृणालिनी मुखर्जी. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या कन्या, बडोद्याला सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थिनी. जाडेभरडे दोर घेऊन त्या गाठीवर गाठ मारत जात. आधी रेखाटन करीत नसत. त्यांतून यक्षी, वनराज, नागदेवता असे माणसाहून उंच, फुलासारखे उमललेले आकार उभे राहत. एकेका कामाला महिनेच्या महिने लागत. आयुष्यभर त्यांची कामे ‘शिल्प की हस्तकला’ या कात्रीत सापडली. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकन सुरू झाले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

या दोघींनी दाखवले ते इतकेच, की धाग्याच्या कामात कल्पना आधी आणि हात नंतर असे होत नाही. हातच विचार करतो. हे एकदा मानले, की मग लुगड्यांच्या ढिगाकडे पाहत बसलेल्या आमच्या मावशी काय करीत होत्या, याचेही उत्तर द्यावे लागते. हिरव्या काठाशेजारी कोणता तुकडा घ्यायचा, कोपऱ्यावर दोरा कसा वळवायचा, विरलेला भाग कुठल्या पदराखाली दडपायचा, हे त्यांना कुणी काढून दिलेले नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : त्या बायकांना नावाची हौस नाही, त्यांना मजुरी वेळेवर हवी आहे. मजुरी पहिली, याबद्दल वाद नाही. पण नाव ही हौसेची गोष्ट आहे हे कुणी ठरवले? शिष्यवृत्तीचा, निवासी शिबिराचा, द्वैवार्षिक प्रदर्शनाचा कुठलाही अर्ज काढून पाहा. बहुतेक इंग्रजीत असतो, आणि त्यात हमखास एक रकाना असतो : ‘यापूर्वीची प्रदर्शने.’ जिची गोधडी मुंबईच्या दालनात महिनाभर टांगली होती, तिला तो रकाना कोराच सोडावा लागतो. त्याच गोधडीवर चित्रकाराचा रकाना मात्र भरतो. पुढच्या संधीचे दार इथे लागते.

त्यातून सरकारी घर दोन चुलींचे. विणकराला संत कबीर पुरस्कार देते ते वस्त्रोद्योग मंत्रालय. ललित कला अकादमी येते संस्कृती मंत्रालयाखाली. सणगराने चिंचोक्याची खळ लावून विणलेले घोंगडे पहिल्या दारात जाते. त्याच घोंगड्यावर कुणी शहरी कलाकाराने एक भोक पाडून ते टांगले, की ते दुसऱ्या दारात उभे राहते. हातमाग मंडळ तर २०२० साली बरखास्तच झाले. इकडच्या माणसाने तिकडे कसे जायचे, याची वाट कुणी आखलेली नाही.

ही वाट आखता येते. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत सहभागी कलाकारांसाठीचा सुवर्णसिंह मिळाला तो न्यूझीलंडच्या माताहो गटाला. या चौघी माओरी स्त्रिया एकत्र विचार करतात, एकत्र काम करतात आणि गटाचेच नाव लावतात. माओरी विधींत, विशेषतः बाळंतपणाच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या बारीक विणीच्या चटईवरून सुचलेले त्यांचे काम होते; साहित्य मात्र ट्रकवर सामान आवळायचे पट्टे. त्याच प्रदर्शनात अर्जेंटिनाच्या विची जमातीची क्लाउडिया अलार्कोन होती. रानातल्या चागुआर वनस्पतीच्या तंतूंची तिची विण होती आणि पाटीवर तिच्या नावाला जोडून ‘सिलात’ हे नाव होते. तो शंभराहून अधिक विणकर स्त्रियांचा गट आहे. पाटीवर एका शब्दाची जागा वाढली. मोनिका कोरियांचेही विणकाम त्याच प्रदर्शनात होते.

आपल्या दालनांनी उद्यापासून शिवणारीचे, विणणाऱ्याचे नाव पाटीवर घालावे, आणि विक्री झाली तर तिचा वाटा आधी कागदावर ठरवावा. आपल्या कला महाविद्यालयांनी, संस्थांनी अर्ज मराठीत घ्यावेत, बोलून सांगितलेलेही घ्यावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. चित्रपटाच्या शेवटी दिवे लावणाऱ्याचेही नाव येते. त्याने दिग्दर्शक लहान झाल्याचे ऐकिवात नाही.

त्या दिवशी दालनाच्या अभिप्रायवहीत मी एकच ओळ लिहिली : ही गोधडी कुणी शिवली? खाली फोन नंबर दिला. उत्तराची अपेक्षा नव्हती. तीन आठवड्यांनी त्या चित्रकाराचाच फोन आला. त्याने गावी विचारून यादी आणवली होती, सात जणींची. वाचून दाखवताना एक नाव दोनदा आले. चुकून परत वाचले असेल म्हणून मी टोकले, तर तो म्हणाला, “नाही सर, मीही तसंच समजलो होतो. दोघी आहेत त्या नावाच्या. एक काठ धरते, आणि मध्य दुसरीच्या हातचा.”